हँडलरमध्ये वजन वाचू नका, फक्त वेळ टिपा

नागपूरच्या काटोल रोडवरच्या एका शेडमध्ये संत्र्यांच्या प्रतवारीची लाइन बसवणाऱ्या तरुण इंजिनिअरचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: पट्ट्यावरून संत्रं येतं, फोटोसेन्सरचा किरण तुटतो आणि रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरच्या जीपीआयओवर (बाहेरच्या वायरी जोडायच्या पिनांवर) इंटरप्ट, म्हणजे 'हातातलं काम थांबवून इकडे बघ' असा इशारा, येतो. त्यांचा ड्रायव्हर त्या इंटरप्टच्या हँडलरमध्येच (इशारा आला की लगेच धावणाऱ्या फंक्शनमध्ये) आय-टू-सी बसवरच्या (चिपा जोडायच्या दोन वायरींवरच्या) एडीएस१११५ कडून, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपकडून, लोडसेलचं (वजनाच्या सेन्सरचं) वजन वाचायचा आणि कुठल्या कप्प्याचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा दट्ट्या) कधी मारायचा ते ठरवायचा. कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) 'शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक', म्हणजे 'झोपायला बंदी असताना झोपायला निघालास', असा ठणाणा केला. मग सगळं काम थ्रेडेड हँडलरमध्ये, म्हणजे झोपायला मोकळ्या असलेल्या वेगळ्या थ्रेडमध्ये, हलवलं. ठणाणा थांबला, पण फळांची गर्दी झाली की मोजणी कमी भरायला लागली. आता दोन गोष्टी विचारल्या आहेत. रिअल-टाइम (ठरल्या वेळेत काम होण्याची हमी देणारा) कर्नल टाकावा का? आणि इमर्जन्सी स्टॉपच्या बटणाला सगळ्यात वरची प्रायॉरिटी कशी द्यायची?

हिंगणा एमआयडीसीत अशाच मशीनच्या कंट्रोलरवर माझं रोजचं काम चालतं, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. थ्रेडमध्ये हलवण्याची दिशा बरोबर होती. चुकलं ते एवढंच की सगळंच हलवलं. जे जागच्या जागी व्हायला हवं होतं तेही त्यात गेलं.

आधी ठणाणा का झाला ते बघू. पायच्या पिनवर एज (सिग्नल वर-खाली होण्याचा क्षण) आली की जीपीआयओचा ब्लॉक ती इंटरप्ट कंट्रोलरला कळवतो, कंट्रोलर चारपैकी एका कोअरला टोचतो. कोअर हातातला पत्ता आणि स्थिती रजिस्टरमध्ये बाजूला ठेवतो, स्वतःचे पुढचे इंटरप्ट बंद करतो आणि कर्नलच्या ठरलेल्या ठिकाणी उडी मारतो. तिथून फिरत फिरत तुमचा हँडलर चालू होतो. आता त्या कोअरवर त्या क्षणी काय चालू होतं? काहीही असेल. तुमचा डिस्प्लेचा प्रोग्रॅम असेल, एसडी कार्डावर लिहिणारा थ्रेड असेल, नाहीतर कोअर रिकामाच बसला असेल. हँडलरला स्वतःची प्रोसेस नसते, तो जो कोणी सापडेल त्याच्या खांद्यावर बसून चालतो. आय-टू-सीचं फंक्शन म्हणतं, 'ट्रान्सफर पूर्ण होईपर्यंत मला झोपवा.' झोपवायचं कोणाला? खाली सापडलेल्या त्या बिचाऱ्या प्रोसेसला? तिने कुठलं कुलूप (लॉक) धरून ठेवलंय हेही तुम्हाला माहीत नाही. कर्नल इथे ओरडतो हे उपकारच समजा. कधी कधी तो ओरडत नाही, नुसता गोठतो.

यात आणखी एक गंमत आहे. आय-टू-सीचा कंट्रोलर 'झालं बघ काम' हे सांगतो तेसुद्धा इंटरप्टनेच. म्हणजे स्वतःच्या कोअरवरचे इंटरप्ट बंद करून तुम्ही एका इंटरप्टची वाट बघत बसला होता.

'मग झोप न लागता, लूपमध्ये फिरत वाचलं तर?' हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. हिशेब करा. एक रजिस्टर वाचायला चिपचा पत्ता, रजिस्टरचा नंबर, पुन्हा पत्ता आणि डेटाचे दोन बाइट, असे पाच बाइट जातात. प्रत्येकी नऊ क्लॉक धरले तर ४५ झाले. १०० किलोहर्ट्झवर हे ४५० मायक्रोसेकंद होतात. पाय ४ चा कोअर १.५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे पावणेसात लाख क्लॉक तुम्ही इंटरप्ट बंद ठेवून जाळले, तेही आधीच तयार असलेला आकडा वाचायला. एडीएस१११५ ला नवं रूपांतर करायला सांगितलं, तर डीफॉल्ट १२८ सॅम्पल प्रति सेकंदाच्या वेगाने आणखी आठएक मिलिसेकंद जातात.

ता. क. म्हणून हेही इथेच: हँडलरमध्ये प्रिंटके (कर्नलमधून मजकूर छापणारं फंक्शन) टाकून डीबग करू नका. सीरियल कन्सोल १,१५,२०० बॉडवर असेल तर सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात. साठ अक्षरांची एक ओळ म्हणजे पाच मिलिसेकंद. जुन्या पद्धतीच्या कन्सोलवर तो वेळ थेट तुमच्या हँडलरच्या माथी पडतो. चूक शोधायला ओळ टाकायची आणि तिच्यामुळेच चुका वाढायच्या, असा प्रकार होतो. ट्रेस प्रिंटके वापरा. तो मेमरीतल्या बफरमध्ये लिहून मोकळा होतो, तुम्ही नंतर निवांत वाचा.

आता खरा मुद्दा, फळं निसटण्याचा. तुम्ही रिक्वेस्ट थ्रेडेड आयआरक्यूला (हँडलर नोंदवणाऱ्या फंक्शनला) पहिला हँडलर नल, म्हणजे रिकामा, दिला आणि थ्रेडचा हँडलर तेवढा दिला, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. तसं केलं की इंटरप्ट आल्यावर कर्नल स्वतःच्या पदरचा छोटा हँडलर चालवतो. तो फक्त थ्रेडला जागं करतो. हे जागं करणं म्हणजे मोजणी नव्हे. आत एक बिट असतो: 'थ्रेडने धावायचं आहे.' तो आधीच लागलेला असेल तर पुन्हा लावून काही फरक पडत नाही. थ्रेड पहिल्या संत्र्याचं वजन वाचत आय-टू-सीपाशी झोपलेला असताना तीन एज आल्या, तर बिट एकदाच लागतो. थ्रेड परत येतो, बिट बघतो, पुसतो, अजून एकदा धावतो आणि झोपतो. तुमच्या वहीत दोन नोंदी झाल्या, पट्ट्यावरून चार एज गेल्या.

तुम्ही म्हणाल, पट्टा सेकंदाला मीटरभर धावतो, दोन फळांत पंधरा सेंटिमीटर अंतर आहे, म्हणजे सेकंदाला सहा-सात फळं. इतक्यात चार एज येतील कशा? येतात. हमालाने क्रेट ओतलं की फळं एकमेकांना चिकटून येतात. शिवाय देठाला पान असलं की तेही किरण तोडतं. आणि बाजूच्या मोटरचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले) पडला की सेन्सरच्या लांब वायरवर खोट्या एजेसचा अख्खा झुबका येतो. त्या झुबक्यात थ्रेड अडकलेला असताना खरं फळ निघून जातं.

म्हणून कोडला हात लावण्याआधी एक साधी तपासणी करा. प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स ही फाइल उघडून तुमच्या ओळीवरचा आकडा टिपून ठेवा, मोजून दोनशे संत्री सोडा, पुन्हा आकडा बघा. तो हार्डवेअर इंटरप्टचा आकडा आहे, थ्रेड कितीदा धावला त्याच्याशी त्याचा संबंध नाही. फरक दोनशेच्या आसपास आणि तुमची मोजणी कमी असेल तर घोळ सॉफ्टवेअरचा. फरक दोनशेपेक्षा बराच जास्त असेल तर नॉइज. दोनशेपेक्षा कमी असेल तर सेन्सर, त्याची बसवणी किंवा वायरिंग. तिथे कर्नलला शिव्या देऊन उपयोग नाही. ही तपासणी दहा मिनिटांची आहे, आणि लोक ती सोडून आठवडाभर ड्रायव्हर खरवडत बसतात.

दुरुस्ती अशी. पहिला हँडलर नल ठेवू नका, स्वतःचा द्या. त्याने तीनच गोष्टी करायच्या: केटाइम गेटने त्या क्षणाची वेळ घ्यायची, ती केफिफोत (कर्नलमधल्या तयार रांगेत) टाकायची, आणि 'आयआरक्यू वेक थ्रेड' परत करून निघून जायचं. सरकारी कचेरीतला आवकचा कारकून जसा कागदावर तारीख-वेळेचा शिक्का मारून तो पुढे ढकलतो आणि आतल्या प्रकरणात नाक खुपसत नाही, तेवढंच त्याचं काम. थ्रेडने जागं झाल्यावर एक नोंद उचलून परत झोपायचं नाही. केफिफो पूर्ण रिकामी होईपर्यंत उपसत राहायचं. मग जागं होणं एकदा झालं की पाचदा, फरक पडत नाही, कारण मोजणी रांगेत आहे.

केफिफोला इथे कुलूपही लागत नाही. टाकणारा एक आणि काढणारा एक असेल तर ती रचनाच अशी आहे की दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. पण उद्या तुम्ही दुसरा सेन्सर लावून त्याचाही हँडलर त्याच रांगेत लिहू लागलात, किंवा रांगेबाहेर 'आजची एकूण फळं, शेवटची वेळ' असा सामाईक मजकूर ठेवलात, तर कुलूप घ्या. थ्रेडच्या बाजूने घेताना साधा स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत जागीच फिरत ठेवणारं कुलूप) चालणार नाही, आयआरक्यूसेव्ह प्रकारचाच, म्हणजे धरताना इंटरप्ट बंद करणारा, हवा. थ्रेडने साधं कुलूप धरलं, त्याच कोअरवर इंटरप्ट आला, आणि हँडलर तेच कुलूप मागत फिरत बसला, तर थ्रेडला सोडायची संधी कधीच मिळत नाही. कोअर गेला. असा घोळ महिन्यातून एकदा होतो आणि नेमका मालक शेडमध्ये उभा असताना होतो. डेव्हलपमेंटच्या कर्नलमध्ये 'प्रूव्ह लॉकिंग' आणि 'डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप' हे दोन पर्याय चालू ठेवा. पहिला हा घोळ प्रत्यक्ष घडण्याआधीच पकडून देतो. शेडमध्ये द्यायच्या कर्नलमध्ये बंद करा, कारण ते वेग खातात.

वनशॉट (थ्रेडचं काम संपेपर्यंत इंटरप्टची ओळ बंद ठेवणारा) हा फ्लॅग बघून लावा. लेव्हल प्रकारच्या इंटरप्टला तो लागतो: उपकरण ओळ खाली धरून बसतं, आणि थ्रेड जाऊन त्याला गप्प करेपर्यंत ओळ बंद ठेवली नाही तर हँडलर संपल्या संपल्या पुन्हा तोच इंटरप्ट येतो, कोअर त्यातच गरगरत राहतो. आय-टू-सीवरच्या जीपीआयओ एक्स्पांडरचा (पिना वाढवणाऱ्या चिपचा) इंटरप्ट हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तुमच्या फोटोसेन्सरला गप्प करण्यासारखं काही नाही, फळ गेलं की तो आपोआप गप्प होतो. म्हणून एज घ्या, आणि पहिला हँडलर प्रत्येक एजला मोकळा राहू द्या.

वजनाचं काय? माझ्या मते वजन इंटरप्टला बांधूच नका. वेगळा थ्रेड ठेवा, तो एडीएस१११५ ला सतत रूपांतराच्या मोडमध्ये ८६० सॅम्पलच्या वेगाने चालवून प्रत्येक आकड्यासोबत वेळ लिहीत राहील. ४०० किलोहर्ट्झची बस त्याला सहज पुरते. फळाच्या वेळेवरून तो फळ काट्यावर असतानाचा काळ काढायचा आणि त्यातल्या मधल्या आकड्यांची सरासरी घ्यायची. काट्याचा पट्टा २० सेंटिमीटरचा असेल तर २०० मिलिसेकंद मिळतात. सुरुवातीचे आणि शेवटचे सोडून द्या, तेव्हा फळ हलत असतं. (लोडसेलपुढे अ‍ॅम्प्लिफायर आहे ना? नसेल तर आधी तो लावा. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा लोडसेल ५ व्होल्टवर पूर्ण भाराला १० मिलिव्होल्ट देतो, आणि या चिपची सगळ्यात बारीक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची. पूर्ण भाराला जेमतेम १,२८० पायऱ्या. ५ किलोचा लोडसेल असेल तर एक पायरी चार ग्रॅमची झाली.)

टिपलेल्या वेळेची ताकद पुढे सोलेनॉइडपाशी कळते. किरणापासून कप्पा ६० सेंटिमीटरवर असेल तर फळ ६०० मिलिसेकंदांनी तिथे पोचणार. ही मोजणी थ्रेड जागा झाल्यापासून कराल तर त्याचा उशीर थेट पट्ट्यावर उमटतो: पाच मिलिसेकंद उशीर म्हणजे पाच मिलिमीटर. टिपलेल्या वेळेपासून कराल तर थ्रेड शंभर मिलिसेकंद उशिरा जागा झाला तरी काही बिघडत नाही, अजून पाचशे हातात आहेत. 'टिपलेली वेळ अधिक सहाशे' अशी थेट घड्याळी वेळ देऊन एचआरटायमर (कर्नलचा अचूक टायमर) लावा. एक खड्डा मात्र चुकवा: त्या टायमरचं फंक्शनही इंटरप्टच्याच संदर्भात चालतं, तिथेही झोपायला बंदी. सोलेनॉइड पायच्या स्वतःच्या पिनवर ड्रायव्हर ट्रान्झिस्टरमधून असेल तर ठीक. आय-टू-सी एक्स्पांडरवर असेल तर पुन्हा तोच ठणाणा ऐकू येईल.

पट्ट्याचा वेग मात्र स्थिर नसतो. ओली फळं, ढिला पट्टा, व्होल्टेज पडलेलं. पुढे कधी रोलरवर एन्कोडर (फिरण्याप्रमाणे पल्स देणारा सेन्सर) बसवा आणि मिलिसेकंदांऐवजी पल्स मोजा. मीटरला हजार पल्स म्हणजे सेकंदाला हजार इंटरप्ट, पायला ते जड नाही. सेकंदाला दहा-वीस हजारांच्या पुढे जायचं असेल तर मोजणी हार्डवेअर काउंटरकडे द्या, प्रत्येक पल्सला कोअरला उठवणं शहाणपणाचं नाही. नेटवर्क कार्डांनी हाच धडा फार आधी घेतला: पॅकेटांचा पूर आला की लिनक्सचा ड्रायव्हर कार्डाचा इंटरप्ट बंद करतो आणि ठराविक कोट्याने, सहसा एका फेरीला ६४ पॅकेट, स्वतःच जाऊन उचलतो, पूर ओसरला की इंटरप्ट पुन्हा चालू.

खोट्या एजेस गाळायचं काम थ्रेडमध्ये करा. दोन्ही एज घेतल्या तर किरण किती वेळ तुटला ते कळतं. सहा-सात सेंटिमीटरचं संत्रं किरण साठ-सत्तर मिलिसेकंद अडवतं. दहा मिलिसेकंदांपेक्षा छोटं जे काही असेल ते पान नाहीतर नॉइज. वर फळाचा व्यास फुकटात मिळतो, प्रतवारीला तोच लागतो. एक काळजी घ्या: कुठली एज आली हे हँडलरमध्ये पिन वाचून ठरवाल तर ती वाचेपर्यंत पिन बदललेली असू शकते. छोट्या पल्सला दोनदा 'वर'च दिसेल. म्हणून थ्रेडने उठणे-पडणे अशा जोड्या आंधळेपणाने लावू नयेत. एकाच दिशेच्या दोन नोंदी लागोपाठ आल्या तर मधली एक हरवली असं समजून ती जोडी टाकून द्यावी. आणि सेन्सरची २४ व्होल्टची बाजू ऑप्टोकप्लरने (प्रकाशातून सिग्नल पोचवून विजेचा थेट संबंध तोडणाऱ्या भागाने) तोडली नसेल, तर वरचं सगळं वाचण्याआधी सीताबर्डीच्या बाजारात जाऊन तो घेऊन या.

हे सगळं सांगून झाल्यावर एक उलटा सवाल: तुम्हाला कर्नल ड्रायव्हर लिहायची गरज आहे का? २०१६ पासून, म्हणजे कर्नल ४.८ पासून, जीपीआयओला कॅरॅक्टर डिव्हाइस (प्रोग्रॅमला फाइलसारखं उघडता येणारं दार) आहे. तुमचा साधा सी किंवा पायथन प्रोग्रॅम लिबजीपीआयओडी या लायब्ररीमार्फत एज मागतो, आणि एज आल्याची वेळ कर्नल स्वतः इंटरप्टमध्ये टिपून नॅनोसेकंदांत रांगेत ठेवतो. २०२० च्या ५.१० पासून प्रत्येक नोंदीला अनुक्रमांकही असतो. रांग भरून नोंद गळली तर क्रमात खंड दिसतो. एडीएस१११५ चा ड्रायव्हरही कर्नलमध्ये तयार आहे. म्हणजे वेळ टिपण्याचा भाग, जो खरोखर कर्नलमध्येच व्हायला हवा, दुसऱ्या कोणीतरी लिहून, तपासून ठेवला आहे. युजर स्पेसमधला (कर्नलबाहेरचा साधा) प्रोग्रॅम कोसळला तर सिस्टिमडी (लिनक्समधली सेवा सांभाळणारी यंत्रणा) त्याला पुन्हा उभं करतं. तुमचा हँडलर कोसळला तर आख्खा पाय जातो. शिकण्यासाठी ड्रायव्हर जरूर लिहा. शेडमध्ये मात्र मी युजर स्पेसच देईन.

रिअल-टाइम कर्नलबद्दल. प्रीएम्प्ट आरटी, म्हणजे लिनक्सचा रिअल-टाइम पर्याय, २०२४ मध्ये ६.१२ बरोबर मुख्य कर्नलमध्ये आलं, त्यामुळे आता वेगळा पॅच शोधत फिरावं लागत नाही. पण ते टाकल्यावर साधे इंटरप्ट हँडलर सक्तीने थ्रेडमध्ये ढकलले जातात. म्हणजे वर लिहिलेला तुमचा वेळ टिपणारा हँडलरसुद्धा, खास फ्लॅग लावून वगळला नाही तर, फिफो ५० या रिअल-टाइम प्रायॉरिटीच्या थ्रेडमध्ये जाईल आणि वेळ उलट उशिरा टिपली जाईल. आरटीचा फायदा थ्रेड ठरल्या वेळेत धावण्याची हमी हवी तिथे आहे. तुमच्या रचनेत थ्रेडकडे शेकडो मिलिसेकंदांची सवड आहे, मग कशाला?

त्याऐवजी तपासणीवर वेळ घाला. दुसऱ्या एखाद्या अर्डुइनोने सेन्सरच्या जागी दहा हजार पल्स द्या, काही साठ मिलिसेकंदांचे, काही दोनचे, काही जोडून; त्याच वेळी पायवर स्ट्रेस-एनजी (मुद्दाम ताण देणारा प्रोग्रॅम) लावून चारही कोअर, एसडी कार्ड आणि नेटवर्क दमवा. दहा हजारातला एकही गळता कामा नये. आणि हे डिसेंबरच्या थंडीत एसी खोलीत उरकू नका. आंबिया बहार हिवाळ्यात निघतो, पण मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आणि तेव्हा दुपारी पत्र्याखाली बंद पॅनेलमध्ये पायची चिप ८० अंशांवर जाऊन स्वतःचा क्लॉक कमी करायला लागते. पॅनेलचं दार लावून, पंखा बंद करून एकदा चाचणी घ्या.

राहिलं इमर्जन्सी स्टॉप. त्याला कुठलीच प्रायॉरिटी देऊ नका, कारण ते कर्नलमधून जायलाच नको. लाल बटणाचा नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, दाबलं की तुटणारा) कॉन्टॅक्ट सरळ मोटरच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी सीरीजमध्ये लावा. बटण दाबलं किंवा वायर तुटली, दोन्ही वेळा पट्टा थांबला पाहिजे, पाय चालू असो, गोठलेला असो की काढून ठेवलेला असो. बटणाच्या दुसऱ्या कॉन्टॅक्टवरून एक वायर ऑप्टोमार्फत जीपीआयओला जरूर आणा, म्हणजे प्रोग्रॅमला कळेल की पट्टा थांबलाय, लावलेले एचआरटायमर रद्द करायचेत आणि काट्यावरचं फळ मोजणीतून वगळायचंय. त्या इंटरप्टला दहा मिलिसेकंद उशीर झाला तरी कोणाचा हात अडकणार नाही.